पळसाच्या फुलांचा शेक

होळीच्या रंगासाठी सुनेनं आज पळसाची फुलं उकळली, अन् त्या वासानं मी अंगणातून उठून गेलो. लय वर्षांआधी असाच पळस हिंगणीच्या रानात फुलला होता, अन् घरात बाबाची लघवी बंद झाली होती. पाय, तोंड सुजलं होतं. माय उकळलेली फुलं फडक्यात घेऊन त्याच्या ओटीपोटावर बांधे. लघवी अडली की आमच्याकडं हाच इलाज. वर्ध्याचा डॉक्टर मले म्हणाला, "अडली नाही हो, बनतच नाही. मूत्रपिंडं रक्त गाळतात, तेव्हा लघवी होते. ते गाळणंच थांबलं आहे." मी तणतणत घरी आलो. "माय, झराच आटला तं मोट चालवून काय निघन? फेक ते!" म्हणून फडकं ओढू लागलो. बाबानं माझं मनगट धरलं. माय चुलीकडं गेल्यावर हळूच म्हणाला, "मले समजते गा. पण बांधू दे तिले. नाई तं ती रिकाम्या हातानं बसन कशी?" बाबा गेला, तेव्हा पोटावरचं फडकं गरमच होतं. आता सून विचारते, "मामाजी, रंग लावू काय?" मी नाई म्हणतो, अन् काऊन ते सांगत नाई.