स्वतःचं नाव खोडणारे सर

नव्वदच्या दशकात आमच्या विभागात वरिष्ठांचे शोधनिबंध संदर्भ म्हणून घालणं हा शिष्टाचारच होता. वरिष्ठही आपल्या नव्या लेखात आपलेच जुने लेख भरत. शेजारच्या खोलीतले सर मात्र वेगळे. त्यांना खूश करायला कुणी त्यांचं नाव घातलं, की ते लाल पेनानं खोडत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "ह्यो कोण? ह्याचं हितं काय काम हाय?"

माझं संशोधन शाहूवाडीकडच्या भातावरच्या करपा रोगावर होतं. तिथं तो बियाण्यातून येतो, असं सरांनी पूर्वी लिहिलं होतं. मला तो शेतात राहिलेल्या पेंढ्यातून येताना दिसला. घाबरतच मी माझा मसुदा त्यांच्यापुढं ठेवला. तो वाचून ते म्हणाले, "माझं नाव कुठाय? आता घाल की. चुकलं म्हणून घाल."

मी घातलं. तोंडी परीक्षेत बाहेरगावचे परीक्षक नेमके तिथंच अडले. "इतक्या ज्येष्ठ माणसाला तुम्ही चूक ठरवता?" सगळी मेहनत वाया जाणार, असं वाटलं.

मागच्या रांगेतून सर उठले. "पावणं, पोरीचं बरोबर हाय. मी सोता शेतात जाऊन बघून आलोय. माझंच चुकलंय."

मला पदवी मिळाली. आता मीही शिकवते. एखादी विद्यार्थिनी माझं जुनं काम खोडून काढते, तेव्हा आधी रागच येतो. मग सर आठवतात आणि मी तिला म्हणते, "बस. माझं कुठं चुकलं, ते नीट सांग."