केशवराव शेलारांची मळवली

मळवली स्टेशनातला एखादा बाक रेल्वेने हलवला, की पुढच्या रविवारपर्यंत केशवराव शेलारांच्या घरातलाही बाक हलायचा. रेल्वेने फलाटावर नवा दिवा लावला, की केशवरावही लावायचे. फरक एवढाच, की रेल्वेच्या बाकावर चार माणसं दाटीवाटीने बसत आणि केशवरावांच्या बाकावर एखादा मुंगळा बसला असता तर त्याला चांगलं ऐसपैस झालं असतं.

हे दुसरं मळवली स्टेशन लोणावळ्यात, त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत होतं. खऱ्याच्या सत्याऐंशीपट लहान. दहा फूट लांबीचा फलाट, त्यावरचा पूल, तीन भाषांतली पिवळी पाटी, विजेच्या तारांचे खांब, मागे लोहगड आणि विसापूर, आणि या सगळ्यातून सावकाश येणारी-जाणारी बारा डब्यांची लोकल. बावीस वर्षं हे काम चाललं होतं. ते संपत नव्हतं, कारण ते संपावं अशी केशवरावांचीच इच्छा नव्हती.

तळेगावच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत केसाएवढी चूक शोधायची, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. अशा माणसाला छंद लागला तर तो कसा लागणार? मळवलीच्या दोन खांबांमधलं अंतर ते टेपने मोजून आले होते. एकदा स्टेशनातल्या पोलिसाने हटकलं, तेव्हा त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला लावून त्यांनी फलाटाची रुंदी घेतली. घरी येऊन हे सांगताना ते इतके खूश होते, की जेवणात मीठ कमी आहे हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

नियम मात्र कडक होता. लोकलच्या खिडकीतून जे दिसतं तेवढंच करायचं. जे दिसत नाही ते कितीही सुंदर असो, त्याला जागा नाही.

खांब, रूळ, वायरिंग, सिग्नल ही केशवरावांची बाजू. डोंगर, झाडं आणि शेतं नंदाबाईंची. बायकोला आपण छंदात ओढलं असं केशवराव म्हणत, पण खरं पाहता नंदाबाई नसत्या तर मळवलीला नुसते रूळच राहिले असते. त्यांनी वाळलेल्या घोसाळ्यांच्या जाळ्या हिरव्या रंगात बुडवून झाडं केली. जुन्या तरटाचे धागे सोडवून, एकेक चिकटवून भाताची खाचरं केली. विसापूर केला तो कागदाच्या लगद्याचा. आई टोपल्या करायची तसाच, मेथ्या वाटून घातलेला, म्हणजे कसर लागत नाही. पावसाळ्यात हवा ओलसर झाली की त्या खोलीत अजून मेथीचा वास सुटायचा. केशवराव खाचरांचीही मापं काढायचे. बांध दीड मिलिमीटर जाड झालाय म्हणायचे. नंदाबाई म्हणायच्या, "बांदावर कोन मोजायला येतंय? बसा गप."

नंदाबाई पवन मावळातल्या. लोणावळ्यात चाळीस वर्षं काढूनही त्यांची बोली बदलली नव्हती. त्या आठ वर्षांच्या असताना पवना धरणात पाणी भरलं आणि त्यांची वाडी त्यात गेली. हे केशवरावांना ठाऊक होतं, लग्न ठरलं तेव्हापासून ठाऊक होतं. बायकोचा रक्तगट ठाऊक असावा, तसं.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका दुपारी नंदाबाई खाचरं चिकटवत होत्या. डोंगराच्या पायथ्याशी वीतभर जागा मोकळी राहिली होती. त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "अवो, त्या कोपऱ्यात आमचं घर बसंल का?"

"कुठलं घर?"

"धरनातलं."

केशवराव खांबाला तार ओवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "गाडीतून धरण दिसत नाही, आणि धरणातून तुझं घर दिसत नाही. दोन पायऱ्या चुकल्या."

नंदाबाई हसल्या. केशवरावांना आपलं उत्तर फारच आवडलं. पुढे खोली बघायला कोणी आलं, की फलाट, पूल, पाटी असं सगळं दाखवून झाल्यावर ते बायकोकडे बोट करून सांगायचे, "हिला आमची लोकल पाण्याखाली न्यायची आहे." पाहुणे हसायचे. चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नंदाबाईही हसायच्या. त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर साधी कावीळ म्हणून नंदाबाईंना दवाखान्यात नेलं, आणि दुखणं स्वादुपिंडाचं निघालं. त्यानंतर अकरा आठवडे त्या होत्या. शेवटी शेवटी त्या झोपूनच असत आणि केशवराव उशाशी बसून असत. तेव्हा वेळच वेळ होता. काय हवं ते विचारता आलं असतं. केशवरावांनी औषधं वेळेवर दिली, कधी दिली ते लिहून ठेवलं, दर चार तासांनी ताप मोजला.

दिवस झाले, मुलगी परत सासरी गेली, घर शांत झालं. दीड महिना केशवराव वरच्या खोलीत गेले नाहीत. एके दिवशी गेले ते त्या कोपऱ्यापाशीच जाऊन उभे राहिले. वीतभर जागा अजून तशीच होती. तिथे पुढेमागे एखादं सिग्नलचं खोपटं करायचं त्यांनी योजलं होतं. नियमाला त्यांनी त्याच क्षणी हरताळ फासला. या जागी नंदाचं घर होणार, आणि इतकं बरोबर होणार की ती असती तर तिने बोटाने दार लोटून पाहिलं असतं. बाकी आयुष्यात आता करण्यासारखं दुसरं काही त्यांना दिसत नव्हतं.

कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं, आणि ते बसून राहिले. घराचं तोंड कुठे होतं? खण किती? ओटा होता का? गोठा घरातच की बाहेर? मळवलीच्या फलाटावर नळ किती आणि त्यातले गळके किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. नंदा कुठल्या घरात जन्मली, याची एक रेघ त्यांना ओढता येईना. ती बोलायची, हे आठवत होतं. खाचरं चिकटवताना तिची टकळी चालू असायची, त्यात आई असायची, परडं असायचं, तोंडल्याचा मांडव असायचा. ते हं हं म्हणायचे. आता आठवायला बसले तर त्यांना फक्त आपलं हं हं आठवत होतं. केशवरावांना आपली लाज वाटली. कारखान्यात एकही सदोष वस्तू त्यांच्या हातून सुटली नव्हती, असं निरोपसमारंभात साहेबांनी म्हटलं होतं.

नंदाबाईंचा थोरला भाऊ रखमाजी चार वर्षांपूर्वीच गेलेला. त्या वाडीचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आक्काबाई. नंदाच्या आईची शेजारीण. नव्वदीला टेकलेली. केशवराव वही आणि टेप घेऊन कामशेतला उतरले, जीपमध्ये दाटीने बसले आणि पवनानगरला पोचले.

आक्काबाईंच्या नातवाने पाण्याकाठी पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. म्हातारी तिथेच बाजेवर बसून लसूण सोलत होती. जावई आला म्हटल्यावर तिने पदर सावरला, नंदाच्या नावाने डोळे पुसले, चहा सांगितला. मग केशवरावांनी वही उघडली.

"मावशी, घर कुठे होतं ते सांगता येईल?"

"त्यो निळा तंबू दिसतोय का? त्याच्या नाकासमोर बघा. पानी उतरलं तरी आता दिसत न्हाई, गाळ बसलाय."

"लांबी किती असेल? अंदाजे?"

"जावई, मोजतंय कोन? राहत व्हतो आमी तितं."

तरी तिने सांगितलं. तीन खण, पुढं ओटा, डाव्या अंगाला गोठा, मागं परडं. केशवराव लिहीत होते. खणाला सहा फूट धरून मनात सत्याऐंशीने भागतही होते. कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटत होतं.

"छपराला कौलं होती ना? किती ओळी?"

"व्हती. पन ती न्हाई बुडाली." म्हातारीने लसणाची पाकळी सुपात टाकली. "पानी यायच्या आदी समद्यांनी आपापली घरं सोडवली. कौलं काढली, वासं काढलं, दारं काढली. नवीन घराला सागवान आनायचं कुटून? नुसत्या भिती बुडाल्या. नंदीच्या आईनं दार तेवढं काढू दिलं न्हाई. लय दिवस आडून बसली. दार गेलं का घर गेलं, म्हनायची. शेवटाला पानी परड्यात आलं तवा काढलं. दोघांनी खांद्यावर घेतलं आन् नंदी दाराला हात लावून बाजूनं चालली, हितं नव्या जागंपातुर. सोड म्हनलं तर सोडंना."

केशवरावांचं पेन थांबलं होतं.

"मग रखमाजीच्या घराला मागल्या अंगाला लावलं व्हतं ते. त्यानं सिलॅपचं घर बांदलं तवा निगालं. नंदीनं टेम्पू करून लोनावळ्याला नेलं म्हनं. बरं केलं. हाय न्हवं अजून?"

"आहे," केशवराव म्हणाले.

ते खोटं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी टेम्पोतून एक दार आलं होतं. एकाच झडपेचं, पाच फूट उंच, तीन फूट रुंद, बोटभर जाडीचं सागवान. घराला दारं होती सगळी, मग हे कशाला, असं त्यांनी विचारलं नव्हतं. भावाकडची जुनी वस्तू आणली असेल, बायकांना हौस असते, एवढं मनाशी म्हटलं होतं. सात-आठ महिने ते दार बोळात भिंतीला टेकून होतं आणि येता-जाता त्यांच्या खांद्याला लागायचं. त्याच सुमाराला त्यांना स्टेशनसाठी पाया हवा होता. प्लायवूड वाकायचं. जुनं, मुरलेलं सागवान वाकत नाही. उभं चिरून दोन तुकडे एकापुढे एक ठेवले तर बरोबर दहा फूट होत होते. मळवलीचा फलाट सत्याऐंशीने भागला की दहा फूटच येतो. केशवरावांना तेव्हा हा शुभशकुन वाटला होता.

घरी येऊन बॅटरी घेतली आणि गुडघे दुखत असताना स्टेशनच्या टेबलाखाली शिरून उताणे पडले. वर फलाटाची खालची बाजू होती. दोन फळ्यांच्या सांध्यापाशी कोयंड्याचं भोक होतं. आयतं भोक मिळालं म्हणून सिग्नलची वायर त्यांनी त्यातूनच नेली होती. एका कडेला हळदकुंकवाचे डाग होते, काळपट पडलेले. हिला लोकल पाण्याखाली न्यायची आहे असं ते पाहुण्यांसमोर सांगत होते, त्या प्रत्येक वेळी ती नंदाच्या दारावरून धावत होती. आणि ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नंदाला ते ठाऊक होतं. केशवराव टेबलाखाली पडल्या पडल्या रडले. म्हातारा माणूस रडतो तसं, आवाज न करता, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पक्कड आणि पटाशी काढली. रूळ उखडायचे, फळ्या सोडवायच्या, जोडून पुन्हा दार करायचं. पहिला खिळा काढताना भाताचं एक खाचर टचकन तडकलं. केशवराव थांबले. फळीभर खाचरंच होती, नंदाच्या हातची, फळीलाच चिकटवलेली. विसापूरही तिथेच रोवलेला, त्याच्या अंगावर तिच्या बोटांचे ठसे. दार सोडवायचं तर हे सगळं खरवडावं लागणार होतं. मग तडकलेल्या जागी गोंद लावला आणि पक्कड खणात ठेवून दिली.

तेव्हापासून लोकल फलाटाला उभी आहे. घरही झालं नाही. तीन खण, ओटा, गोठा, सगळी मापं वहीत आहेत, पण नुसत्या भिंती त्यांच्याने करवेनात.

मागच्या महिन्यात तळेगावचा निलेश आला. बँकेत नोकरी करतो, त्याच्याही घरी रेल्वेची लहानशी प्रतिकृती आहे, आणि केशवरावांना तो गुरू मानतो. लोकल का बंद, असं त्याने विचारलं. केशवरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. निलेशने खाली वाकून फळीवरून हात फिरवला, चिरलेली कड पाहिली. इतकी सरळ, पाच फूट, हातकरवतीने.

तो चाचरत म्हणाला, "काका, तुम्ही कापत होतात तेव्हा काकूंना कल्पना नव्हती का? त्या घरात नव्हत्या?"

"होती ना घरात," केशवराव म्हणाले. "फळी हलत होती. मीच हाक मारली तिला. दुपारभर दुसरं टोक तिनंच धरलं होतं."