सासूबाईंसाठी हलवलेला काटा

वर्णन येणेप्रमाणे: इसम पुरुष, वय साठीच्या अलीकडे, बांधा मध्यम, डाव्या अंगठ्याच्या नखात ग्रीस, कायमस्वरूपी. व्यवसाय, वजनकाटे दुरुस्ती. रुग्णाशी नाते, जावई. रुग्णाची भूक, झोप, औषधे, उलट्या व मनःस्थिती यांबाबतची माहिती सदर इसमास तोंडपाठ असून, विचारल्यास तो ती न विचारलेल्या तपशिलांसह पुरवतो. स्वतःची प्रकृती: उत्तम. ही शेवटची बाब इसमाने स्वतःच सांगितली असून तिची शहानिशा करण्याची गरज आजवर कोणत्याही पातळीवर भासलेली नाही.

बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत दुकान, छताला टांगलेल्या तागड्या, टेबलावर उघडी पडलेली काट्यांची पोटं. काटेवाल्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. ते काटा दुरुस्त करत, बिघडवत नसत. संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर एखादा व्यापारी आत वाकून हळूच म्हणे, ‘जरा आपल्या बाजूने झुकता करून द्या.’ त्याला ते चहा पाजत आणि काटा होता तसा परत देत.

असं विचारणाऱ्यांत एकेकाळी एक विधवा किराणावालीही होती. नकार ऐकून ती एवढी खूश झाली, की तिने आपली मुलगीच त्यांना देऊन टाकली. मात्र पुढे जावयाशी बिनसलं की ती म्हणे, “तेव्हा काटा हलवला असतात, तर मुलीला दोन बांगड्या जास्त घातल्या असत्या.”

याच सासूबाईंना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला, आणि त्या मुलीकडे राहायला आल्या. मुलगी दुसऱ्या गावी विमा कंपनीत नोकरीला. उपचार त्याच नोकरीवर चालत, त्यामुळे ती सोडणं शक्य नव्हतं; शनिवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. मधले सगळे दिवस जावयाचे. काटेवाल्यांनी आधी दुकान अर्धा दिवस बंद केलं, मग पूर्ण दिवस, मग टेबल उचलून घरी गॅलरीत आणलं. सूप गाळणं, गोळ्या कुटणं, चादरी बदलणं, सासूबाईंना उचलून न्हाणीघरात नेणं हे सगळं ते एकटे करू लागले. सासूबाईंच्या पेल्यात उरलेलं सूप ओट्याशी उभ्याने पिऊन टाकणं हे त्यांचं जेवण झालं. त्याला ते ‘वाया घालवायचं कशाला’ असं म्हणत.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “वजन टिकलं पाहिजे. वजन टिकलं तर पुढची औषधं झेपतील.” डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगत. सासूबाईंनी मात्र ते शब्दशः घेतलं. जन्मभर वजनावर पोट भरलेल्या बाईला वजनाची भाषा लगेच कळते. दर रविवारी सकाळी मुलीसमोर त्या काट्यावर उभ्या राहू लागल्या. पहिल्यांदा आकडा उतरला तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चमचा बाजूला सारला. “माल घटायला लागला की दुकान आवरायचं असतं,” म्हणाल्या. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही.

तिसऱ्या दिवशी काटेवाल्यांनी गॅलरीत बसून आयुष्यात पहिल्यांदा काटा मारला.

काम सफाईचं होतं. शून्याचं चाक फिरवणं म्हणजे पोरखेळ. रिकामा काटाच चुगली करतो. त्यांनी पोटातल्या दांडीची टेकण केसभर सरकवली. रिकामा असताना काटा शून्यावर साळसूद उभा राही आणि माणूस चढला की वाढवून सांगे. रविवारी सासूबाई चढल्या. चोपन्न. “आलं की परत!” मुलगी म्हणाली. सासूबाईंनी त्या दुपारी वाटीभर सूप घेतलं.

मग त्याची सवयच झाली. सासूबाई घटायच्या, काटेवाले टेकण सरकवायचे, रविवारी चोपन्न. दवाखान्यातल्या वजनाचा धोका होता, पण तिथे बोळातल्या काट्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि आकडा मोठ्याने वाचू नका म्हणून सिस्टरना आधीच हात जोडून झाले होते. त्याच बोळात दाराच्या मागे एक फलक होता: ‘रुग्णाची काळजी घेताना स्वतःचीही घ्या.’ दार दिवसभर उघडं असल्यामुळे तो कुणाला दिसत नसे.

सासूबाईंना एकटीला चढायला संकोच वाटू नये म्हणून काटेवालेही त्यांच्यामागून काट्यावर चढत. एकाहत्तर. नेहमीचं. मध्ये एका रविवारी बायको टक लावून बघत राहिली.

“अहो, तुम्ही बारीक झालात.”

“कुठे? हा बघ काटा. एकाहत्तर.”

“गालफडं बसलीत तुमची.”

“वयाने बसतात. वजन एकाहत्तर आहे.”

पट्ट्याला त्यांनी आपल्याच टोच्याने दोन नवी भोकं पाडली होती. पट्टा जुना झाला, चामडं ताणलं, असं त्यांचं निदान होतं. बरगडीखाली दुखे, ते सासूबाईंना उचलण्याने. खोकला येई, तो गॅलरीतल्या वाऱ्याने. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि सगळ्यांच्या वर एकाहत्तरचा आकडा होता. ज्या काट्याला आपण स्वतः खोटं बोलायला शिकवलं, तो सासूबाईंशी खोटं बोलतो आणि आपल्याशी खरं, असं हा तीस-पस्तीस वर्षं काटे दुरुस्त करणारा जाणकार माणूस कोणत्या हिशेबाने धरून चालला होता, ते सांगता येत नाही. बहुधा त्यांच्या लेखी तो काटा सासूबाईंचा होता, आणि त्यावर आपण निव्वळ पाहुणे.

बुधवारी दुपारी न्हाणीघरातून आणून ते सासूबाईंना खाटेवर ठेवत होते. त्यांनी जावयाचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

“जावईबापू, बसा जरा.”

जावईबापू म्हटलं की काहीतरी कबूल करून घ्यायचं असतं, हे काटेवाल्यांना लग्नापासून ठाऊक होतं. ते बसले.

“काटा कितीने हलवलात?”

“कुठला काटा?”

“घरात दुसरा कुठला आहे? सूप पिऊन माणूस चोपन्नावर राहत असता, तर मी दुकानात पोती कशाला भरून ठेवली असती? पहिल्याच रविवारी कळलं मला. आपलं वजन पायाला कळतं.”

काटेवाल्यांनी मान खाली घातली. “मग बोलला का नाहीत, आई?”

“म्हटलं, जन्मात एकदा काटा मारताहेत, बघू तरी किती जमतंय. बरं जमलंय.” त्या हसल्या, मग खोकल्या, मग बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. “आणि तुम्हाला बरं वाटत होतं. सूपही त्यासाठीच घेत होते. मला काय, चव तरी कुठे लागते.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. पण कुठे, ते तुम्हाला अजून कळलेलं नाही.” मनगट अजून त्यांच्या हातात होतं. “काटा माझ्यासाठी जास्त सांगतो. बरोबर?”

“बरोबर.”

“मग तो तुमच्यासाठीही जास्तच सांगणार. काट्याला काय माहीत, सासू चढली की जावई?”

काटेवाल्यांनी मनगट सोडवून घ्यायला पाहिलं. सासूबाईंनी सोडलं नाही.

“तुम्ही एकाहत्तर होतात. काटा हलवल्यावर तुमचं ऐंशीच्या वर जायला हवं होतं. तुम्ही अजून एकाहत्तरच.” दुकानात नोकरांना विचारायच्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “मधला माल गेला कुठे?”

गॅलरीत कुणाचा तरी उघडा काटा वाऱ्याने किंचित हलत होता. काटेवाल्यांनी उगाच तिकडे पाहिलं.

“दगदग आहे, आई. होतंय थोडं इकडेतिकडे.”

“दगदगीने दोन-चार शेर जातात. मघाशी उचललंत तेव्हा तुमची हाडं टोचली मला. आणि हाडं टोचण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे लक्षात घ्या.”

“बघू पुढे. तुमचं एवढं आटोपू दे.”

“माझं काय आटोपायचं ते मला माहीत आहे. शुक्रवारी दवाखान्यात माझ्याआधी तुम्ही चढायचं. तिथल्या काट्यावर. नाही चढलात तर मी सुई टोचून घ्यायची नाही. मुलीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.”

“आणि डॉक्टरांनी मलाच तिथे झोपवलं, तर तुम्हाला कोण उचलणार?” हे काटेवाले जरा चढ्या आवाजात बोलले. एवढे दिवस ते हा प्रश्न स्वतःलाही विचारत नव्हते.

“तोच हिशेब मांडतेय मी,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही आता ऐकलात.”

त्या रात्री सांगण्यासारखं काही झालं नाही. दोघंही झोपल्याचं दाखवत होते. गुरुवारी काटेवाल्यांनी घरचा काटा उघडला, टेकण होती तिथे परत नेली आणि झाकण लावलं. त्यावर चढले मात्र नाहीत.

शुक्रवारी बोळात गर्दी होती. सासूबाई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर फाइल. सिस्टर उठवायला आल्या, तशा सासूबाई म्हणाल्या, “आधी यांचं.”

“यांचं कशाला? हे तर पेशंटबरोबर आलेत.”

“बरोबर आलेल्यांना वजन नसतं का?”

सिस्टर हसल्या. काटेवाल्यांनी चपला काढल्या, खिशातला पेचकस आणि किल्ल्या काढून सासूबाईंच्या हातात दिल्या आणि चढले. सिस्टरनी वाकून आकडा पाहिला. सवयीने त्या गप्प राहिल्या.

“वाचा,” सासूबाई म्हणाल्या. “आता मोठ्याने वाचा.”

“एकोणसाठ.”

काटेवाले उतरले. गुडघ्यांवर बसून त्यांनी काट्याचे चारही पाय जमिनीला टेकलेत का ते पाहिलं. तळहाताने पाटा दाबला, सोडला. काटा शून्यावर आला. नखाने काचेवर टिचकी मारली, शून्यच. पुन्हा चढले. एकोणसाठ.

“हा काटा कमी सांगतोय,” ते म्हणाले. आवाज धंद्यातला होता. “असं होतं कधीकधी. आतली स्प्रिंग आखडते. कुणाकडे देता दुरुस्तीला?”

“मला नाही माहीत. गेल्याच महिन्यात तपासून गेलेत. काका, रांग आहे मागे.”

“एक मिनिट. तुम्ही चढा बरं.”

“मी? शी, काहीतरीच काय!”

“तुमचं वजन माहीत आहे ना तुम्हाला? किती आहे?”

सिस्टरनी मागच्या रांगेकडे पाहिलं, मग काटेवाल्यांच्या पट्ट्याकडे, आणि सँडल काढल्या. “बासष्ट,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “परवाच बघितलंय घरी.”

सासूबाई काट्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी जावयाचा पेचकस मुठीत घट्ट धरला होता.

सिस्टर चढल्या. बासष्ट भरल्या.