एक्केचाळीस नंबरच्या दोन खुर्च्या

मी कॉलेजचा सुतार. बाकं, खुर्च्या, दारं, खिडक्या, जे लाकडाचं आणि मोडतं ते सगळं माझं. मोडतंही फार, कारण पोरं बाकावर बसत नाहीत, बाकाशी कुस्ती खेळतात. शिकवणाऱ्या मंडळींचं माझ्याशी बोलणं दोन वाक्यांचं. "मिस्त्री, हे हलतंय" आणि "मिस्त्री, झालं का?" यापुढे माझ्याशी बोलल्या त्या एकट्या म्हणजेबाई.

म्हणजेबाई हे पोरांनी ठेवलेलं नाव. बाई पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान शिकवतात, आणि तुम्ही काहीही बोला, त्या विचारणार, "म्हणजे?" मी एकदा सहज म्हटलं, "आज काय उकडतंय!" तर म्हणाल्या, "म्हणजे?" आता काय सांगायचं, कपाळ? घामाचा सदरा पिळून दाखवायचा तेवढा बाकी होता.

अकरा वर्षं झाली त्यांना इथं, पण कायम नाहीत. दर वर्षअखेरीला त्यांच्या नेमणुकीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर जातो. सही झाली तर पुढचं वर्ष, नाही झाली तर नमस्कार. घरी थकलेले वडील आणि शिकणारी मुलगी, दोघांची भिस्त बाईंवर. पण बाईंचा चेहरा असा, की कॉलेज यांच्याच नावावर आहे! दुपारचा डबा त्या माझ्या वर्कशॉपमध्ये खातात, टेबलाची एक कड फुंकून. स्टाफरूममध्ये का नाही, विचारलं तर म्हणाल्या, "तिथं कुणी वाद घालत नाही हो."

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा सांगतो. पहिल्या दिवशी हजेरीला कुणी "हजर" म्हटलं तर चालत नाही, सिद्ध करावं लागतं. एकानं ओळखपत्र दाखवलं. बाई म्हणाल्या, "कार्ड हजर आहे. तुझं काय?" दुसऱ्यानं बाकावर कपाळ आपटलं आणि ओरडला, "लागलं!" त्याची हजेरीही लागली. एकदा माझ्याकडून पोतंभर भुसा नेला, वर्गात ढीग केला आणि एकेकाला चिमटी उचलायला लावली. अजून ढीग आहे का? आता? आता? शेवटी फरशी दिसायला लागली, तरी ढीग नेमका कधी संपला यावर पोरं जिन्यात भांडत होती. झाडणाऱ्या मावशींनी एका वाक्यात निकाल लावला. "मला झाडावा लागतो तोवर ढीगच!" बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मावशी आठवडाभर मान ताठ करून फिरत होत्या.

यंदा बाईंनी मला धरलं. वर्गातली एक खुर्ची दाखवून म्हणाल्या, "मिस्त्री, दर आठवड्याला हिचा एक तुकडा बदलायचा. पोरांसमोर."

"खुर्ची धडधाकट आहे, बाई."

"म्हणूनच."

एक्केचाळीस नंबरची खुर्ची ती. माझ्या आधी इथं माझे वडील सुतार होते, त्यांनी केलेली. एक खिळा नाही, सगळं सांध्यावर. ती मी खोलायची? पण प्राचार्यांची तोंडी परवानगी होती आणि मोडक्या बाकांचं लाकूड पडून होतं. मी पटाशी उचलली.

चार पाय, दोन हात, चार आडव्या पट्ट्या, बैठक, पाठ. बारा आठवडे. दर आठवड्याला काम झालं की बाई विचारायच्या, "मिस्त्री, ही तीच खुर्ची?"

"तीच."

"म्हणजे?"

"म्हणजे तीच! चपलेचा अंगठा बदलला तर चप्पल काय शेजाऱ्याची होते?"

वर्ग हसून लोळायचा. मग निम्मी पोरं माझ्या बाजूनं, निम्मी माझ्यावर तुटून पडलेली. खोटं कशाला बोलू, मला चढायला लागलं होतं. खुर्चीच्या तासाच्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून यायचो. बाराव्या आठवड्याला पाठ बदलली, तिच्यावर रंगानं ४१ काढलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "तीच!"

आता माझा घोळ ऐका. काढलेले तुकडे मी फेकले नव्हते. बापाच्या हातचं लाकूड, फेकणार कसं? एका दुपारी ते परत जोडले. काय बसले! सांध्याला सांधा असा भिडला की डोळ्यांत पाणी आलं. वडिलांची शिस्त होती, नंबर नसलेली वस्तू वर्कशॉपबाहेर जाऊ द्यायची नाही. जुन्या पाठीवरचा आकडा पुसट झालेला. हाताला सवय. ब्रश बुडवला आणि ठसठशीत ४१ काढलं. खुर्ची वाळायला व्हरांड्यात ठेवली, आणि नेमके त्याच दिवशी हेडक्लार्क सामानाची मोजणी करत आले.

"माणसाला जुळं होतं," ते म्हणाले, "खुर्चीला झालेलं पहिल्यांदा बघतोय."

त्यांचा बाईंवर आधीच दात होता. त्यांनी लावलेल्या एका सूचनेखाली बाईंनी पेन्सिलीनं "म्हणजे?" लिहिलं होतं. तासाभरात आम्ही प्राचार्यांसमोर उभे. दोन्ही खुर्च्याही.

"बाई, यातली खरी कोणती?" प्राचार्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर. बारा आठवडे आम्ही तेच शोधतोय."

"ऐका!" हेडक्लार्क म्हणाले. "खुर्ची ओळखता येत नाही आणि तत्त्वज्ञान शिकवतात!"

सोमवारी सरकारी तपासणी यायची होती, प्राचार्यांना तिची काळजी. ते मला म्हणाले, "मिस्त्री, नवी खरी, जुनी भंगार, एवढं लिहून द्या. विषय संपला, मी बाईंच्या नेमणुकीवर सही करतो. नाही तर हा सगळा गोंधळ बाईंच्या वर्गाचा, आणि मग मला सही करता येणार नाही."

म्हणजे बाईंचं पुढचं वर्ष माझ्या चार शब्दांवर. मी लगेच पेन मागितलं. तर बाई म्हणतात कशा, "मिस्त्री, पटत असेल तरच लिहा."

माझं टाळकंच सरकलं. त्यांना बाहेर नेलं आणि म्हटलं, "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? घरी मुलगी शिकतेय!"

"साठ पोरांना मी सांगितलंय, न पटलेलं लिहिलंत तर शून्य. तुम्ही माझ्यासाठी तसं लिहिलंत, तर उद्या वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहू?" आवाज नेहमीसारखाच ठाम. पण डब्याच्या पिशवीचा बंद त्यांनी बोटाला इतका गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं. बाई घाबरल्या होत्या. घाबरून हे बोलत होत्या.

शप्पथ सांगतो, मी खोटं लिहायला तयार होतो. आत जाऊन "जुनी" लिहिलंही. पुढचा शब्द हातातून उतरेना. बापाची खुर्ची भंगार? बरं, जुनीच खरी म्हणावं, तर बारा आठवडे साठ पोरांसमोर "तीच, तीच" म्हणत होतो तो कोण, माझा भाऊ? इकडे आड, तिकडे विहीर. "जुनी" खोडलं, आणि मग जे लिहिलं ते हे:

"नवी खुर्ची तीच, असं मी बारा वेळा बोललो आणि मनापासून बोललो. जुनी जोडली तेव्हा हात म्हणाला, हीच ती. एका नंबराच्या दोन असू शकत नाहीत हे मला कळतं. यातली खोटी कोणती ते कळत नाही. जुनीचे सांधे वडिलांचे, नवीचे माझे. नंबर दोन्हीवर मी टाकला, बाईंनी सांगितलं नव्हतं. शिक्षा द्यायची तर मला द्या. भंगार म्हणून यातली एकही लिहून देणार नाही."

खाली सही केली. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. बाईंकडे बघायची माझी हिंमत नव्हती, वाटलं, बुडवलं आपण यांना.

हेडक्लार्क म्हणाले, "त्यात काय एवढं? जुनीला ४१ राहू द्या, नवीला ४१-अ द्या."

"नवीला अ का?" प्राचार्य म्हणाले. "वर्गातून ती हललीच नाही. अ द्या जुनीला."

"अहो सर, लाकूड सगळं नवीन आहे तिचं!"

"मग? माझे दात सगळे नवीन आहेत. मला प्राचार्य-अ म्हणणार का तुम्ही?"

जुंपली की दोघांची! हेडक्लार्क खुर्ची उलटी करून सांधे दाखवतायत, प्राचार्य टेबलावर हात आपटतायत. चहा आला, गार झाला. मध्येच बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे?" तर हेडक्लार्क खेकसले, "थांबा हो बाई, मला मुद्दा पुरा करू द्या!"

ते ऐकून प्राचार्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसताच त्यांनी बाईंचा कागद ओढला आणि सही ठोकली. नंबराचा घोळ माझा, म्हणून मेमो मला. मी तो असा घेतला जसं बक्षीस घेतात. दोन्ही खुर्च्या बाईंच्या वर्गात गेल्या. ‘अ’ कुणाला, ते अजून ठरलेलं नाही.

बाईंनी आभार मानले असतील असं तुम्हाला वाटेल. छे! दुसऱ्या दिवशी डबा खायला आल्या आणि माझ्या त्या कागदाची प्रत समोर ठेवली. लाल शाईनं तपासलेली. दहापैकी सात.

"सातच?" मी ओरडलो. "नोकरी वाचली तुमची त्यावर!"

"नोकरीचे मार्क नसतात, मिस्त्री. ‘हात म्हणाला’ असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे?"

रंधा फेकून मारावासा वाटला. आणि खरं सांगू, तो कागद मी जपून घडी घालून वरच्या खिशात ठेवला. आठवीत शाळा सुटली माझी, त्यानंतर माझं लिहिलेलं कुणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, तपासणं तर लांबच.

रविवारी सकाळी वही घेऊन बसलो. बायकोनं विचारलं, "काय लिहिताय एवढं?"

म्हटलं, "मध्ये बोलू नकोस. तीन मार्क राहिलेत."