तीळ न अडणारा जोड

आईच्या उजव्या कानानं दोन वर्षांपूर्वीच निवृत्ती घेतली. डावा अजून नोकरीत आहे, पण मनाला येईल तेव्हाच हजर राहतो. दिवाळी झाल्यावर मी तिला लातूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काचेच्या एका खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करा, असं सांगितलं. आईचं बोट मांडीवरून हललं नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, डावाही फार दिवस साथ देणार नाही, कानाचं मशीन लावून बघा.

मशीन आम्ही घेतलं. ते अजून डबीत आहे. परतीच्या बसमध्ये मी तिच्या डाव्या कानाला तोंड लावून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या कपाटात कोंडून काय कळणार हाय त्याला? जवळचं मला पहिल्यापासूनच कमी ऐकू येतंय. कान बघायचा तर कर्णा लाव. मी बांधावर हुबी ऱ्हाते. न्हाई ऐकू आला तर मानीन मी, गेला कान म्हणून."

मी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा मला झोपेत विचारला तरी सांगता येईल. मी म्हटलं, लावू की. त्यात काय एवढं, असंच मला वाटलं होतं.

कर्णा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. मुरुडजवळच्या आमच्या गावात लग्नाला, जत्रेला, जयंतीला लाऊडस्पीकर लावायचं काम त्यांच्याकडे असे. लोक त्याला भोंगा म्हणत आणि आबांना तो शब्द झोंबायचा. भोंगा गिरणीला असतो, म्हणायचे. त्यांचा कर्णा कुठल्याशा बंद पडलेल्या फिरत्या टॉकीजचा, जुना, लांबलचक, परातीएवढ्या तोंडाचा. कितीही पुसला तरी त्याच्यावर ढगाळ दिवसाचा रंग असायचा.

काम मिळालं की आदल्या दिवशी आबा कर्णा माळवदावर, म्हणजे घराच्या धाब्यावर, चढवून तपासायचे. तपासायचा म्हणजे लांब कुणीतरी भरवशाचं ऐकणारं हवं, आणि ते माणूस आई होती. आमचं शेत घरापासून बरंच लांब, मुरुडच्या सडकेला लागून. आई दिवसभर तिथं असायची. पण तिला हाक कशी मारायची? नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि इथं तर अख्ख्या गावाला ऐकू जाणार. म्हणून आबा घसा खाकरून म्हणायचे, "हॅलो, हॅलो. मुरुडची गाडी गेली का?" मग डोळ्यांवर हात धरून शेताकडे बघायचे. तुरीच्या पिवळ्या फुलांवरून, पार तिकडे, विळा धरलेला एक हात वर यायचा. हात आला की कर्णा बराबर. त्या दिवशी चहात साखर विसरली तरी आबा काही बोलायचे नाहीत.

गावातल्या कितीतरी जणांना खरंच वाटायचं की या माणसाला एसटीचा फार घोर आहे. एकदा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हात हलवून ओरडून सांगितलं होतं, "न्हाई आली अजून! बसा निवांत!"

मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेली असायचे. आवाज कर्ण्यातून निघून ज्वारीवरून जाताना मला दिसायचा. वारा नसतानाही कणसं जरा वाकायची आणि पुन्हा उभी राहायची. असं काही होत नसतं, हे मी पुढे मुलांना शिकवलं. तरी बसमध्ये डोळा लागला की अजून तीच ज्वारी दिसते, आणि तिच्या पलीकडे तो हात.

आबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. कर्णा माळवदावर पत्र्याखाली पडून होता. पण त्याचं युनिट, म्हणजे मागचा जड डबा, ज्यातून खरा आवाज निघतो, ते जळून कधीच भंगारात गेलं होतं. मी नांदेडहून नवं युनिट घेतलं, अर्धापूरच्या केळ्यांसोबत पिशवीत घालून गावी नेलं आणि कर्ण्याच्या गळ्याशी, म्हणजे मागच्या निमुळत्या टोकाशी, धरून बघितलं. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर आजोबांचा पटका ठेवावा तसं ते दिसलं. गळा केवढा आणि युनिटचं तोंड केवढं! आटेसुद्धा वेगळे, याचे जाड, त्याचे बारीक. मधे जोड हवा होता. आबांचंही युनिट परक्या ठिकाणचंच होतं, तेव्हा त्यांनी काहीतरी जोड केलाच असणार.

"आबांचा जोड कुठंय गं?" मी डाव्या कानात विचारलं.

"कसला जोड? मला न्हाई ठावं," आई म्हणाली आणि केळं सोलायला लागली.

मग मी शाळेच्या प्रयोगशाळेतली व्हर्निअर कॅलिपर आणून मापं घेतली, आलेखाच्या कागदावर सुबक आकृती काढली आणि नांदेडच्या जुन्या गावातल्या एका लेथवाल्या चाचांकडे गेले. पांढरी दाढी, भुवयांवर पितळेचा कीस. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"नक्शा लई झकास हाय, मॅडम. पण कर्णा कुठं हाय?"

"गावी. मापं लिहिलीत ना सगळी."

"हाव, मापं तर हायत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी विज्ञानाची बाई, मला कुठं ऐकू येतंय! त्यांनी माझ्या कागदाबरहुकूम पितळेचा जोड उतरवून दिला.

पुढच्या रविवारी तो गावी बसवला. दोन्हीकडचे आटे लोण्यात सुरी जावी तसे बसले. गावातल्या मंडपवाल्याकडून ॲम्प्लिफायर आणला होता. आई खाली अंगणात माझ्याकडे पाठ करून तीळ निवडत होती. मी माईकमध्ये बोलले. आवाज निघाला तो रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. वाढवला तर चिरकायला लागला. आणि खाली आईनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

जोड चुकला की कान गेला? कुणाला विचारायचं? मी जोड काढून खाली आले आणि तिच्या शेजारी बसले.

"आत्ता वाजलं. ऐकलंस?"

"काय वाजलं?"

मला रडू फुटणार होतं. तिनं माझ्या हातातला जोड घेतला, उलटसुलट केला, भाजीवालीकडचं वांगं बघावं तसा आतून बघितला. बियाण्याचे तीळ ती दरवर्षी बाटल्यांत भरून ठेवते. हातातलं लाकडी नरसाळं तिनं बाजूला ठेवलं, माझा जोड बाटलीच्या तोंडावर धरला आणि वरून मूठभर तीळ ओतले. चार दाणे गेले असतील. बाकीचे आतल्या कडेवर ढीग करून बसले.

"बग, अडायलेत की," ती म्हणाली. "तीळ अडतोय तिथं आवाज अडणार न्हाई व्हय?"

मी दोन टोकांची मापं बरोबर घेतली होती. मधे काय, याचा विचारच केला नव्हता. आत रुंद भोक जिथं अरुंद भोकाला मिळत होतं तिथं चक्क एक पायरी होती, आणि आवाज तिच्यावर येऊन आपटत होता. ध्वनीचं परावर्तन मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते. मला माझी लाज वाटली. आणि मग माझी नजर त्या लाकडी नरसाळ्यावर गेली.

बाभळीचं, टीचभर लांब. वरून रुंद, खाली अरुंद, आतून बोट फिरवलं तर कुठंच थांबत नव्हतं. दोन्ही टोकांना आट्यांच्या झिजलेल्या खुणा होत्या, वर जाड, खाली बारीक.

"आई, हे कुठलं?"

"कुठलं म्हंजे? ह्यांनीच केलंय. कर्णा बंद पडला तवापासनं यानंच भरतेय मी तीळ. एक दाणा अडत न्हाई."

"अगं, हाच तर जोड!"

"मग आसंल," ती जराही न हलता म्हणाली. "तू जोड इचारलास. नरसाळं कुठं इचारलंस?"

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. शेवटी दोघीही हसलो, ती माझ्याकडे बघून आणि मी तिच्याकडे बघून.

लाकूड उभं तडकलं होतं, युनिटचं ओझं त्याला पेललं नसतं. म्हणून यावेळी मी लाकडी जोड घेतला आणि कर्णाही घेतला. मांडीवर कर्णा घेऊन नांदेडपर्यंत बसले. त्याचं तोंड खिडकीकडे होतं, वारा आत शिरून घुमत होता आणि मला सारखी गुंगी येत होती. कंडक्टरनं विचारलं, "बाई, ह्यांचं तिकीट काढलं का?" अहमदपूरच्या पुढे मला झोप लागली आणि झोपेत कुणीतरी कर्ण्यातून घसा खाकरल्यासारखं वाटलं. जागी झाले तर वाराच होता.

चाचांनी लाकडी जोड उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि बराच वेळ आरपार बघत राहिले. मग म्हणाले, "आटे कुणीबी मिळवतंय, मॅडम. गळा मिळवाया लागतो. ज्यानं ह्ये केलं त्यानं नक्शा न्हाई काढला."

"माझे वडील," मी म्हटलं.

त्यांनी आतला उतार घासत घासत नवा पितळी जोड केला. मी रुमालात तीळ बांधून नेले होते. जोड कागदावर उभा धरून वरून ओतले. सगळे तीळ सळसळत खाली आले, एकही मागे राहिला नाही. चाचांनी लेथ बंद केलं. "पुन्हा ओता," ते म्हणाले. मी पुन्हा ओतले आणि आम्ही दोघं तो बारीकसा आवाज ऐकत उभे राहिलो.

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. ऊन कललं होतं, हुरड्याला आलेली ज्वारी माणसाच्या वर गेली होती आणि तिच्यावर धुरकट सोनेरी उजेड साचला होता. आई काठी टेकत शेताकडे निघाली. कुठं उभं राहायचं हे तिला सांगावं लागलं नाही. मी माळवदावर कर्ण्याशेजारी उभी राहून ती बारीक होत जाताना बघत होते. ती बांधावर पोचली तेव्हा एक पांढुरका ठिपका झाली होती.

माईक हातात घेतला. वन टू थ्री म्हणणार होते. तोंडातून दुसरंच निघालं.

"हॅलो, हॅलो. मुरुडची गाडी गेली का?"

आवाज माझा वाटलाच नाही. भरलेला, मोकळा, कुठंही न अडकलेला, तो कर्ण्यातून उठला आणि ज्वारीवरून निघाला. कणसं वाकली. वारा होता की नव्हता हे मी मुद्दाम बघितलं नाही. डोळ्यांवर हात धरला आणि बांधाकडे बघितलं.

हात वर आला नाही.

मी पुन्हा विचारलं. ठिपका हलला नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पारावरची माणसं उभी राहून माझ्याकडे बघत होती, म्हणजे साऱ्या गावाला ऐकू गेलं होतं. फक्त तिला नाही. मी ॲम्प्लिफायर बंद केला आणि खाली उतरले. ज्वारीतल्या वाटेनं जाताना एकच विचार होता, आता तिला हे कसं सांगायचं, आणि सांगितलेलं तरी ऐकू जाईल का?

आई बांधावर बसली होती, तोंड घराकडे. मी जवळ जाऊन काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "गेली की. कवाच गेली."

"काय?"

"गाडी. तीनदा इचारलंस, तीनदा सांगितलं."

मी तिच्या डाव्या कानाशी अक्षरशः ओरडले, "मग हात का नाही वर केलास? माझा जीव जायची वेळ आली!"

"हात ह्यांच्यासाठी असायचा," ती म्हणाली. "त्यांना लांबून दिसायचं. तोंडानं बी सांगायची मी, दर खेपेला. पण त्यांना कधी ऐकू गेलं न्हाई. कर्णा तर त्यांच्याकडं होता."

मी तिच्याजवळ बसले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं पायरीवर बसून मी तो हात बघितला, आणि हाताच्या खाली एक तोंड आहे, तेही बोलत असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी आलो. मी तिला धरून एकेक पायरी माळवदावर चढवली, ॲम्प्लिफायर लावला आणि माईक तिच्या हातात दिला. "ह्यात काय बोलू?" ती म्हणाली, आणि तिचाच आवाज गावावरून गेला तशी दचकली. मग हसली. पदर सारखा केला. ज्वारीपलीकडे सडकेच्या बाजूला बघत उभी राहिली आणि नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "गेली हो. कवाच गेली."

बांधावर कुणी नव्हतं. तरी मी डोळ्यांवर हात धरून बघितलं.