माणसाच्या चालीची जीप

चांगदेव ओव्हाळाने इनामगावातल्या एका बागायतदाराच्या गोठ्यातून जुनी जीप उचलून तळेगाव ढमढेऱ्याला आणली, तेव्हा तिच्या मागच्या बाकाखाली कोंबडीची चार-दोन अंडी निघाली. टेम्पोवर चढवून एवढ्या लांब आणताना त्यातलं एकही फुटलं नव्हतं, हे चांगदेव येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. ऐकणारेही अंड्यांचंच कौतुक करायचे, कारण जीपमध्ये कौतुक करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. पत्रा इतका कुजलेला, की बोट दाबलं तर आरपार जावं. बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला. बायको सविता एकदा जीपकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघून आत निघून गेली, आणि त्या दिवशीच्या भाजीत मीठ जरा जास्तच पडलं.

तिचंही बरोबर होतं. चांगदेव रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यापासून त्याचे हात शिवशिवायचे. घरातले नळ झाले, पंखे झाले, आणि चांगला चालणारा मिक्सर खोलून बसला तेव्हा सविताने त्याला पान्यांसकट अंगणात काढलं. आता अंगणातही जीप आली म्हणजे बिचारीने जायचं कुठे?

पण या वेळची गोष्ट हौसेची नव्हती. जीप त्याने आईसाठी आणली होती.

साखरबाई लग्न होऊन या गावात आल्या, त्या वर्षापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बायकांच्या पहिल्या रांगेत चालत आल्या होत्या. पांढरं पातळ नेसायचं, शेजारच्या ठकूबाईचा हात धरायचा आणि गाणी म्हणत वेशीपासून विहारापर्यंत जायचं. त्यांच्या वर्षात हा एक दिवस सणाचा आणि बाकीचे सगळे कामाचे. मग दोन वर्षांपूर्वी ओसरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं वॉकर धरून मोरीपर्यंत आणि परत, एवढंच राहिलं.

गेल्या जयंतीला पोरांनी मोठ्या मायेने त्यांना एका टेम्पोवर खुर्ची टाकून बसवलं. टेम्पो पाच पावलं उडी मारल्यासारखा पुढे जायचा आणि थांबायचा. बायका कधी मागे राहायच्या, कधी पुढे निघून जायच्या. उंचावर एकट्या बसलेल्या साखरबाई खुर्चीचे हात घट्ट धरून होत्या. बाजारतळापाशी त्यांनी टेम्पो थांबवायला लावला आणि खाली उतरून कुणाच्या तरी मोटारसायकलवर घरी आल्या.

"मला सामानावानी नगा नेऊ," त्या चांगदेवाला म्हणाल्या. "फुडच्या साली मी घरीच बरी."

साखरबाई रागाने बोलल्या असत्या तर चांगदेवाला एवढं लागलं नसतं. त्या शांतपणे बोलल्या आणि पातळ घडी करून पेटीत ठेवून दिलं. पेटीच्या त्या आवाजाने चांगदेवाची झोप उडाली.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. त्याने जीपची बॉडी उतरवली, इंजिन उतरवलं, चाकं काढली. अंगणात नुसती चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, उरली. गंज खरवडून खरवडून त्याने ती लोखंडाची केली, मग तिला तांबडा प्रायमर दिला. कुजलेला पत्रा कापून महेंद्र वेल्डरकडून नवे तुकडे जोडून घेतले. इंजिनाचे झिजलेले सिलिंडर शिरूरला नेऊन बोअर करून आणले. खड्ड्यात दणका बसू नये म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांचा एकेक थर मोजूनमापून बसवला. रेडिएटर जरा मोठा घातला, कारण एप्रिलच्या उन्हात हळू चालणारी गाडी तापणार, हे फिटरला सांगावं लागत नाही. पुढचं डावं सीट तर त्याने असं बनवलं, की महेंद्र त्यावर बसून चहा प्यायचा आणि उठायचं नाव घेत नसे. खाली उतरती पायरी केली, बाजूला धरायला नळी लावली. शेवटी निळा रंग दिला. गावातले जाणते म्हणायचे, नाकापेक्षा मोती जड झालाय, एवढ्या खर्चात चांगली जुनी कार आली असती. चांगदेव हसायचा. आपल्याला सगळं कळलेलं आहे, अशा माणसाचं ते हसणं होतं.

अशा माणसांची एक गंमत असते. त्यांना खरोखरच सगळं कळलेलं असतं, फक्त मुद्दा सोडून.

मार्चात एका सकाळी तो जीप कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर घेऊन गेला आणि सविताला म्हणाला, तू मिरवणुकीतल्यासारखी पुढे चाल, मी मागून येतो. सविता पदर खोचून चालू लागली. जीप पहिल्या गिअरमध्ये निघाली आणि बघता बघता तिच्या टाचांशी आली. चांगदेवाने क्लच दाबला तर ती मागे पडली. सोडला तर हिसका देऊन पुन्हा टाचांशी. अर्धा क्लच दाबून रेटत राहिला, तेव्हा थोड्या वेळाने क्लचप्लेट जळाल्याचा वास सुटला. शेताकडे निघालेले लोक गाड्या हळू करून बघत होते. बायको पुढे आणि जीप मागे, हे बघून एकाने सविताला विचारलंही, की वैनी, माहेरी निघालात का रुसून. तीन-चार खेपा झाल्या. इथेच घोडं पेंड खात होतं. जीपला माणसाच्या चालीने चालताच येत नव्हतं.

सविता मागे आली आणि जीपच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"अवं, आत्यास्नी गादी नकोच हाय," ती म्हणाली. "त्यांना आमच्या बरोबरीनं यायचंय. ठकूमावशीशी बोलत. तुमी ह्यो टेम्पोच क्येलाय, निस्ता मऊ."

चांगदेवाने इंजिन बंद केलं. त्याला जे आठवलं ते त्याने सविताला लगेच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतं. जीपबरोबर त्या बागायतदाराने एक जड पोतं दिलं होतं. त्यात जीपचा मूळ गिअरबॉक्स होता आणि त्याला जोडलेली, चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोरची पेटी. मधल्या कुठल्या तरी मालकाने डिझेल वाचवायला ते सगळं काढून साधा गिअरबॉक्स बसवला होता. त्या पेटीचा दांडा 'लो'वर टाकला, की इंजिनाची सगळी ताकद चाकांत उतरते आणि जीप मुंगीच्या पावलाने चालते. असली जीप डोंगर चढते ती त्याच्याच जोरावर. चांगदेवाने ते पोतं उघडून बघितलं होतं. "आपल्याला काय डोंगर चढायचाय," असं म्हणून ते त्याने यवतच्या बन्सी भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं, तेही स्वतः पारगावचा पूल ओलांडून, पोचतं करून.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पूल ओलांडून यवतला गेला. पेटी वितळायला गेली असेल, या विचाराने वाटेत त्याला चहासुद्धा गोड लागला नाही. बन्सीने मात्र बोटाने छपराकडे दाखवलं. दुकानाच्या पत्र्यावर, वाऱ्याने तो उडू नये म्हणून, गिअरबॉक्स पेटीसकट आडवा पडला होता. बन्सी म्हणाला, न्या की खुशाल, पण पत्रा उडाला तर मी तुमच्याकडे राहायला येईन. मग दोघांनी मिळून रस्त्याकडेचा एक धोंडा उचलला, शिडीवरून कण्हत कुथत वर चढवला आणि गिअरबॉक्स खाली घेतला.

घरी येऊन चांगदेवाने सविताला सगळं कबूल केलं. ती हसली नाही, याचं त्याला बरं वाटलं. ती नंतर शेजारणीकडे जाऊन हसली.

त्यानंतरचं काम त्याच्या जिवावर आलं. इंजिन पुन्हा उतरवावं लागलं. आतली सीलं आणि बेअरिंगं बदलून गिअरबॉक्स बसवला. पेटीच्या दांड्याला वर यायला जागा हवी, म्हणून आरशासारखा चमकणारा नवा पत्रा स्वतःच्या हाताने कापावा लागला. ग्राइंडर टेकवण्याआधी तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मग डोळ्यांवर चष्मा चढवला आणि कापला. कालव्यावर पुन्हा चाचणी झाली, तेव्हा त्याचे दोन्ही पाय मोकळे होते. जीप आपल्या आपण, गुरगुरत, सविताच्या मागे चालत राहिली. सविताने मुद्दाम चाल कमी केली आणि मागे वळून बघितलं, तर अंतर जवळपास तेवढंच होतं.

साखरबाईंनी मात्र इतक्या दिवसांत जीपकडे धड बघितलंही नव्हतं. चांगदेव काही दाखवायला गेला, की चालू दे तुझं, एवढंच म्हणायच्या. जयंतीच्या सकाळी त्यांनी पेटी उघडली आणि पांढरं पातळ काढलं. पण न जमलं तर बाजारतळापाशी उतरणार, असं आधीच बजावून ठेवलं. चांगदेवाने रेडिएटरमधलं पाणी पुन्हा एकदा बघितलं.

उन्हं उतरल्यावर मिरवणूक निघाली. पुढे बाबासाहेबांची प्रतिमा, मागे लेझीम, मग बायका आणि बायकांच्या रांगेतच, एका कडेला, जीप. चांगदेवाने दांडा 'लो'वर टाकला आणि पाय उचलले. सुरुवातीला बायका गाडीपासून अंग चोरून चालत होत्या. मग ठकूबाईने जीपच्या कडेवर हात टेकला. वेशीतून आत येईपर्यंत तो हात साखरबाईंच्या हातात गेला होता. दोघी बोलत होत्या, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा कांदा सडला, कुणी मेलं. गाणं सुरू झालं की गायच्या, संपलं की राहिलेल्या गप्पा पुढे चालू. चांगदेवाचा एक डोळा तापमानाच्या काट्यावर होता. काटा जागचा हलला नाही. बाजारतळ आला. त्याने आईकडे बघितलं. साखरबाई ठकूबाईला काहीतरी सांगत होत्या आणि बाजारतळ मागे गेलेला त्यांना कळलासुद्धा नाही.

दिवेलागणीला सगळे विहारापाशी पोचले. तिथे पाणी वाटणारी तेजश्री, कॉलेजातली पोर, पेला घेऊन पुढे आली.

"आजी, यंदा जीपनं आलात व्हय?"

साखरबाई पाणी प्यायल्या, त्यांनी पेला परत दिला.

"न्हाई गं बाय," त्या म्हणाल्या. "चालत आले. ठकीसंगं."

ठकूबाईने मान डोलावली. चांगदेव काही सांगायला म्हणून वळला होता, तो तसाच परत फिरला आणि जीपचं बॉनेट पुसू लागला. आईने जीपचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.