गराजमधली दुसरी बिअर

१९८२, नोव्हेंबरमधला एक शनिवार. आमच्या गराजमध्ये बाटल्या धुणं चाललं होतं. शेजारचे भाऊजी प्रत्येक बाटली उजेडाकडे धरायचे आणि माझ्याकडे परत द्यायचे. "वहिनी, अजून एकदा."

असा टापटिपीचा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. लोक त्याला कंटाळतात. ट्रॉयमधल्या एका मोटारकारखान्यात ते ब्रेक तपासायचे. उन्हाळ्यात नोकरी गेली. घर विकायला काढलं. बघायला येणाऱ्यांना वास नको, म्हणून त्यांचं घरी बिअर बनवणं आमच्याकडे.

त्या दिवशी त्यांनी दोन केल्या. सकाळी काळी, ती तीन आठवड्यांत पिण्याजोगी होते. दुपारी फिकी, झाकणाच्या बादलीत. तिला थंडी लागते आणि मार्चशिवाय ती तयार होत नाही.

"मार्चमध्ये तुम्ही असाल का इथे?" मी सरळच विचारलं.

"म्हणून तर लावली. हिला सोडून जातोय कुठे?"

डिसेंबरात घर विकलं गेलं. काळी त्यांच्या निरोपालाच संपली. बायको-मुलींना घेऊन ते जर्सी सिटीला मेव्हण्याकडे गेले, नोकरी शोधायला. दर रविवारी फोन यायचा. नोकरीचं मी विचारत नसे, ते सांगत नसत. चौकशी फक्त बादलीची. "वहिनी, थंडीत आहे ना?"

जानेवारीत बादलीतले बुडबुडे थांबले. मला वाटलं, गारठ्याने आंबणंच बंद पडलं. इथल्या थंडीत इडलीचं पीठ फुगलं नाही की मी भांडं रजईत गुंडाळून तळघरात घर तापवणाऱ्या फर्नेसपाशी ठेवते. बादलीचंही तेच केलं. आठवड्याने झाकण उघडलं तर आंबट वास. मुकाट्याने ती परत गराजमध्ये नेऊन ठेवली.

रविवारी फोन आला. "थंडीत आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मार्चमध्ये म्हणाले, "वहिनी, नाशिकची तिकिटं काढली. मेव्हण्याकडे किती दिवस राहायचं? बाटल्या तुम्हीच भरा. पण आत्ता जरा चाखून या. मी फोन धरतो."

मी गराजमध्ये गेले. बादलीपाशी थोडा वेळ उभी राहिले, झाकणाला हात लावला नाही, परत आले.

"छान झालीय, भाऊजी. अगदी स्वच्छ."

मग म्हणाले, "बघा. नुसतं थांबायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली ओढत बाहेर नेली आणि ड्राइव्हवेच्या कडेला उरलेल्या बर्फात रिकामी केली. नवऱ्याने दारातून विचारलं, "बिघडली?"

"मी बिघडवली," म्हटलं, आणि गाडी काढून कामावर गेले.